अर्ज लेकराने भरावा, आपण शेजारी बसावे

3 जानेवारीला आमच्या वस्तीतल्या विहारात सावित्रीमाईंची जयंती झाली. त्रिशरण-पंचशील झाले, प्रतिमेला हार झाले, मुलींची भाषणे झाली. नेहमीप्रमाणे आम्हीही दोन शब्द बोललो. मुलींना शिकवा, अर्ध्या वाटेवर शाळा सोडू देऊ नका, शिक्षणाशिवाय तरणोपाय नाही, असे सगळे बोललो. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक माउली उठली. कापणीच्या दिवसांत धान कापायला जाते, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडते. म्हणाली, "भाऊ, तुमी सारे शिका शिका म्हनता. माह्या पोरीनं आयकलं, ते शिकली. बारावीत हाये. आता तो फारम कोन भरून देनार जी?"

सभा गप्प झाली. आम्ही म्हणालो, "माय, रविवारी पोरीला घेऊन या. घरात असतील नसतील ते सारे कागद घेऊन या."

पण हा प्रश्न त्या एका माउलीचा नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या आपल्या हजारो घरांचा तो प्रश्न आहे. म्हणून या आठवड्यात दुसरा विषय न घेता फक्त अर्जाबद्दल लिहायचे आम्ही ठरवले.

आमची नोकरी कारकुनाची. अर्धे आयुष्य लोकांचे कागद पाहण्यात गेले. त्या अनुभवावरून सांगतो, आपली मुले गुणांत हरतात त्यापेक्षा जास्त कागदांत हरतात. साठ-सत्तर टक्के मिळवलेले पोर जूनमध्ये दारात उभे राहते आणि जातीचा दाखला नाही, उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षाचा, आधारवर जन्मतारीख वेगळी! मग ते पोर एक वर्ष घरी बसते. घरी बसलेले पोर पुन्हा कॉलेजात जाईल याची खात्री नाही. मुलगी असेल तर त्याच वर्षी सोयरिक येते.

आपल्या भागाची एक वेगळीच अडचण आहे. विद्यापीठाचे आणि सीईटीचे वेळापत्रक आपल्या जंगलाचे वेळापत्रक पाहून ठरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. त्या दिवसांत आईबाप पहाटे जंगलात जातात, दुपारी पुडे बांधतात, संध्याकाळी फळीवर देतात. वर्षाच्या रोख कमाईतला मोठा भाग त्या काही दिवसांत येतो. नेमके तेव्हाच निकाल लागतात आणि अर्जांच्या तारखा सुटतात. पुढे जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेशाच्या फेऱ्या चालतात तेव्हा आपल्याकडे धानाची रोवणी असते आणि नद्या भरलेल्या असतात. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटला आहे. संपर्क तुटला तरी अर्जाची शेवटची तारीख मात्र थांबत नाही.

एक बरे झाले. 2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाले. त्याआधी आपली कॉलेजे नागपूर विद्यापीठाखाली होती. आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा एखाद्या कागदासाठी नागपूर गाठावे लागे. गडचिरोलीहून ते पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. आज विद्यापीठ जवळ आले. पण अर्ज जवळ आला का? तो तर आता मोबाईलमध्ये गेला आहे, तोही बराचसा इंग्रजीत!

कागदाला कमी लेखणे आपल्याला परवडणार नाही. आपल्या इतिहासातच कागदाचे मोल आहे. बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बुद्धीच्या जोरावर हे खरेच, पण त्या बुद्धीला वाट एका कराराने दिली. 4 जून 1913 रोजी त्यांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे शिष्यवृत्ती आणि बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी. पुढे 1944 साली, बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची योजना सुरू झाली. आज आपली मुले जिला 'जीओआय' म्हणतात ती हीच. ऐंशी वर्षे होऊन गेली. योजना आहे, राखीव जागा आहे, वसतिगृह आहे. आणि तिथवर पोचण्याचा दरवाजा आहे अर्ज!

आता कागदांकडे येऊ. ही यादी कापून भिंतीला लावावी.

सर्वांत आधी नाव. दहावीची गुणपत्रिका, शाळेचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक हे चार कागद शेजारी शेजारी ठेवा. विद्यार्थ्याचे नाव, बापाचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख चारही ठिकाणी अक्षरशः एक आहे का, ते पाहा. इंग्रजी स्पेलिंगही पाहा. एका ठिकाणी एक अक्षर जास्त असेल तर आजच दुरुस्त करा. शाळेच्या दाखल्यातली चूक पोर शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांमार्फत दुरुस्त करून घेणे सोपे जाते. शाळा सुटल्यावर ते काम लांबते.

दुसरा जातीचा दाखला. हा उपविभागीय अधिकाऱ्याच्या सहीचा असतो. इथे आपल्या मुलांच्या मनात नेहमी एक भीती असते. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल का? नाही जाणार. 1990 साली केंद्राने कायद्यात दुरुस्ती केली आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींनाही केंद्राच्या सवलती लागू झाल्या. धर्म बौद्ध लिहावा, प्रवर्ग अनुसूचित जाती लिहावा. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही चालते. शिवाय 1993 पासून बौद्ध हे केंद्राने अधिसूचित केलेले अल्पसंख्याकही आहेत. तो रकाना वेगळा असतो, त्याने प्रवर्ग बदलत नाही. मात्र एक लक्षात ठेवा. केंद्राच्या यादीत 'बौद्ध' असे जातीचे नाव नाही. म्हणून केंद्रीय विद्यापीठासाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात, मूळ जातीच्या उल्लेखासह काढून ठेवावा. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही परीक्षा आहे. तिचा अर्ज भरताना हा दाखला हाताशी असावा.

तिसरी जात वैधता, म्हणजे व्हॅलिडिटी. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा व्यावसायिक शिक्षणाच्या राखीव जागेवर प्रवेश घेताना ती लागते. तिच्यासाठी अनुसूचित जातीच्या माणसाला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबा किंवा पणजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा. शाळेत गेलेच नसतील, आणि आपल्यातले बहुतेक गेले नव्हते, तर गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद किंवा जुना महसुली कागद. गडचिरोलीकरांनी ध्यानात ठेवावे की हा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी वेगळा झाला. त्याआधी सारे एकच चंद्रपूर होते, म्हणून आजोबांचा कागद तिकडेही सापडू शकतो. चुलत्याची किंवा सख्ख्या भावाबहिणीची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर काम हलके होते. एका भावाच्या दाखल्यावर 'महार', दुसऱ्याच्या दाखल्यावर 'बौद्ध', तिसऱ्याच्या दाखल्यावर 'नवबौद्ध' अशा नोंदी असलेली घरे आम्ही पाहिली आहेत. अशा घराने तर अकरावीतच कामाला लागावे.

चौथा उत्पन्नाचा दाखला, तहसीलदाराचा. तो चालू वर्षाचा हवा. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी आईबापाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. पाचवा अधिवासाचा दाखला. सहावे विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे, आधारशी जोडलेले बँक खाते. शिष्यवृत्ती थेट त्याच खात्यात येते. आणि कुठलाही दाखला काढायला टाकला की पावती घ्या. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक दाखल्याला मुदत बांधून दिलेली आहे. पावती असेल तर मुदत उलटल्यावर अपील करता येते.

वसतिगृहाचा अर्जही विसरू नका. समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा मिळाली नाही तर 2016-17 पासून बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत शिकणाऱ्याला जेवण-राहण्यासाठी त्यातून वर्षाला 60 हजार रुपयांपर्यंत मिळतात. गुणांची आणि इतर अटी आधी वाचून घ्याव्यात.

आता कोणी म्हणेल, ही यादी छापून वाटली की झाले काम. आम्हालाही बरीच वर्षे असेच वाटत होते. जयंतीला पत्रके वाटायची, मार्गदर्शन शिबिर घ्यायचे, पाहुण्यांना शाल-नारळ द्यायचा आणि घरी जायचे. पण नुसत्या माहितीने होत नाही. याचा पुरावा आहे, तोही फार दूरचा.

अमेरिकेत 2008 साली एरिक बेटिंजर आणि त्यांच्या सहकारी अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. तिथे गरीब मुलांना कॉलेजसाठी सरकारी मदत मिळते, पण तिचा अर्ज किचकट. ओहायो आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत कमी उत्पन्नाचे लोक करविवरणपत्र भरायला ज्या कार्यालयात येत, तिथेच हा प्रयोग झाला. काही कुटुंबांना कारकुनाने शेजारी बसून मदतीचा अर्ज भरायला हात दिला. काही कुटुंबांना नुसती माहिती दिली, मदत किती मिळेल तेही सांगितले. निकाल काय लागला? ज्या घरांना मदत मिळाली नाही, त्यांच्या शाळेच्या शेवटच्या वर्गातल्या शंभर मुलांपैकी 28 जणांनी पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षे पुरी केली. ज्यांच्या शेजारी बसून अर्ज भरला गेला त्यांच्यापैकी 36 जणांनी केली. आणि ज्यांना नुसती माहिती दिली त्यांच्यात काहीच फरक पडला नाही. शेजारी बसून अर्ज भरायला दहा मिनिटेही लागली नव्हती. आम्ही स्वतः कारकून, म्हणून हे वाचून आमची मान जरा ताठ झाली, हे कबूल करतो.

पण शेजारी बसणे म्हणजे काय, हे आम्ही एका मोठ्या चुकीतून शिकलो. ती चूकही आज सांगून टाकतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैनगंगेच्या काठच्या एका गावची मुलगी. बाप राईस मिलमध्ये पोती वाहायचा. मुलगी गणितात हुशार. सीईटीत चांगले गुण पडले. घरात मोबाईल नव्हता. आम्ही म्हणालो, काळजी करू नको, आम्ही आहोत. तिचा अर्ज आम्ही भरला. मोबाईल नंबर आमचा टाकला, ईमेल आमचा टाकला, पासवर्ड आमच्या डायरीत लिहिला. कॉलेजांचा पसंतीक्रमही आम्हीच लावला. ती बिचारी स्टुलावर बसून पाहत होती. आपण समाजकार्य केले, म्हणून आम्ही खूश!

फेरी लागली त्या दिवशी आम्ही नात्यातल्या एका मयतीला आतल्या गावी गेलेलो. जलदानाचा विधी आटोपून परतलो तेव्हा मोबाईलला रेंज आली आणि संदेश आले. मुलीला शासकीय अभियांत्रिकीत, पहिल्या पसंतीची जागा लागली होती. ती जागा स्वीकारायची मुदत आदल्या दिवशी संध्याकाळी संपली होती. पहिल्या पसंतीची जागा लागली की ती घ्यावीच लागते. घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून नाव जाते. तिचे गेले.

ती बापाबरोबर घरी आली. बाप काही बोलला नाही. मुलगी एवढेच म्हणाली, "काकाजी, मले पासवर्ड सांगितला असता त मी मैत्रिणीच्या मोबाईलवरून केलं असतं ना जी."

त्या एका वाक्याचे उत्तर आमच्याकडे आजही नाही. ती तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेली, शिकली, आज आपल्या पायावर उभी आहे. आमच्याबद्दल तिच्या मनात राग नाही. पण गेलेली जागा परत येत नाही. दुसऱ्याच्या हातात आपल्या हक्काचा कागद असला की काय होते, हे आपल्या समाजाला कोणी वेगळे सांगायला नको. आणि इथे तो हात आमचाच होता.

तेव्हापासून आमच्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाल्यावर एक टेबल मांडतो. त्या टेबलाचे नियम ठरलेले आहेत. अर्ज विद्यार्थी स्वतःच्या हाताने भरील, आपण शेजारी बसू. मोबाईल नंबर त्याच्या घरातला, घरात नसेल तर रोज भेट होईल अशा जवळच्या नातलगाचा. ईमेल त्याचा स्वतःचा. सेतू केंद्रात किंवा कॅफेत अर्ज भरला तरी तिथल्या माणसाचा नंबर टाकू द्यायचा नाही. शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर अर्ज क्रमांक, पासवर्ड आणि शेवटची तारीख लिहायची. वही विद्यार्थ्याकडेच राहील. अर्ज पाठवण्याआधी सारा अर्ज मोठ्याने वाचायचा. पसंतीक्रम लावताना जवळचे कॉलेज म्हणून वर टाकायचे नाही. आपल्याला खरोखर जिथे शिकायचे आहे ते पहिले. पाठवल्यावर छापील प्रत काढून ठेवायची. आणि फेरीच्या दिवसांत कोणी ना कोणी रेंज असलेल्या गावी राहायचे, मग रोवणी असो की लग्न.

हे टेबल फक्त आपल्याच मुलांसाठी नाही. माडिया आणि गोंड मुले येतात, त्यांच्या घरची भाषाही मराठी नाही, त्यांना हा अर्ज दुप्पट परका. त्यांच्या पुराव्याची तारीख 6 सप्टेंबर 1950 आहे. ओबीसींची मुले येतात, त्यांना नॉन-क्रिमिलेअर लागते. सर्वांना तोच स्टूल आणि तोच चहा.

हे काम आम्हीच करतो असे नाही. वर्ध्याला अनूप कुमार यांनी 2013 साली सुरू केलेली नालंदा अकादमी खेड्यातल्या बहुजन मुलांना केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी तयार करते. बुलढाण्याच्या शेतकरी घरातले राजू केंद्रे मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले, 2021 साली शिष्यवृत्ती मिळवून लंडनला गेले. त्यांची एकलव्य ही संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अर्ज, प्रवेश परीक्षा आणि मुलाखतीसाठी हात देते. गावातून बाहेर पडून शिकलेल्यांनी मागे वळून पाहिले की काय होते, ते इथे दिसते. आपल्या वस्तीतही नोकरीवाले आहेत, शिक्षक आहेत, कॉलेजात गेलेली पोरे आहेत. त्यांनी महिन्यातला एक रविवार दिला तरी पुरे.

आता त्या माउलीचे सांगून थांबतो. रविवारी ती लेकीला घेऊन आली. पन्नीत गुंडाळलेले सारे कागद मांडीवर ठेवून बसली. चार कागद शेजारी ठेवले तेव्हा आधार कार्डावर बापाच्या नावात चूक निघाली. जानेवारी होता म्हणून घाबरायचे कारण नव्हते. हेच जूनमध्ये निघाले असते तर? मुलगी स्वतः टाईप करत होती. आई म्हणाली, "मले त वाचता येत नाही भाऊ, मी इथं बसून का करू?" आम्ही म्हणालो, "माय, कागद तुमच्याजवळ. पोरगी मागेल तो द्या, झाला की परत घ्या, आणि घरी गेल्यावर रोज विचारा, पावती कुठे ठेवली, तारीख किती राहिली."

दोन तास ती माउली एकेक कागद लेकीच्या हातात देत होती आणि परत घेऊन पन्नीत ठेवत होती. एकही कागद इकडचा तिकडे झाला नाही. शेजारी बसायला अक्षर यावेच लागते असे नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

बंधू-भगिनींनो, तेंदूच्या हंगामाला अजून वेळ आहे. आज संध्याकाळी जेवणे झाली की घरातले कागद काढा, चटईवर मांडा आणि लेकराच्या शेजारी बसा.

जय भीम!